नव्या गाडीचे पहिले तेल

पणजोबा दोन घोड्यांची मालगाडी हाकत. लोक त्यांना 'चाबूक' म्हणत, कारण त्यांनी जन्मात कधी चाबूक उगारला नाही. त्यांचे चिरंजीव आबा. आबांनी घोडे विकून घराण्यातला पहिला ट्रक घेतला आणि ज्या हाताने ट्रक चालवला त्याच हाताने घरही चालवले. मागे येण्याचा गिअर त्यांनी दोन्हीकडे क्वचितच टाकला. आबांचे थोरले चिरंजीव दादा. त्यांनी एकाचे सहा ट्रक केले, आवाराला भिंत घातली आणि जाताना आपली खुर्ची मुलीच्या स्वाधीन केली. ती ताई. तिघा पुरुषांनी चाके फिरवली. ताईच्या वाट्याला कागद आले, आणि कागदांच्या बाबतीत तिचा हात धरणारा त्या तिघांत कोणी नव्हता.

त्या रविवारी सकाळी कार्यालयात चार माणसे होती आणि प्रश्न एकच होता. नव्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पहिल्या तेलबदलाला आला होता. वॉरंटी दोन वर्षे शिल्लक होती. मंगळवारी ट्रक लांबच्या फेरीला निघायचा होता. त्यात तेल कंपनीचे भरायचे की बाहेरचे? दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट उभ्याउभ्या ठरली असती. या घरात ती ठरवायला आत्यांना आणावे लागले.

आत्या म्हणजे आबांची सर्वांत थोरली मुलगी, वय एक्क्याऐंशी. त्यांच्या नावावर एकही ट्रक नव्हता, पण त्यांच्या होकाराशिवाय एकही ट्रक विकला गेला नव्हता. त्या स्वतःची उशी घेऊन आल्या, खुर्चीवर ठेवली, बसल्या आणि म्हणाल्या, "हं. एकेकाने बोला. आणि आवाज खाली. मला ऐकू येतं."

कार्यालय वर्कशॉपच्या डोक्यावर होते. खिडकीतून खाली बघितले की लांबट खड्डा दिसे, ज्यात उतरून गाडीच्या पोटाखाली काम करता येई. खड्ड्यावर नवा ट्रक उभा होता. खड्ड्याच्या कडेला लाकडी फळीवर बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्यांची रांग होती. ते काकांचे काम. प्रत्येक गाडीचे तेल काढले की त्यातले थोडे बाटलीत घालायचे, वर खडूने तारीख आणि किलोमीटर लिहायचे. गाडीच्या पोटात काय चालले आहे ते काका त्या बाटल्या उजेडाला धरून सांगत, आणि आजवर त्यांचे सांगणे खोटे ठरले नव्हते.

काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. ते भिंतीला टेकून उभे होते. तेलकट कपड्यांचा डाग खुर्चीला पडेल म्हणून कार्यालयात ते बसत नसत.

"मी सुरू करतो," ताईचा धाकटा भाऊ म्हणाला. फेऱ्या आणि ड्रायव्हर त्याच्या ताब्यात होते, आणि नवा ट्रक तो स्वतः चालवी. त्याने सीलबंद दोन कॅन टेबलावर ठेवले. "हे कंपनीचं. भाव दुप्पट, मान्य. पण उद्या गिअरबॉक्सने मान टाकली तर कंपनीचा माणूस येऊन आधी काय करतो? तेलाचा नमुना घेतो. त्यात बाहेरचं तेल सापडलं की संपलं. हात झटकून मोकळे."

"घेऊ दे नमुना," काका म्हणाले. "वाटलं तर चाखूनही बघ म्हणावं. अरे बाबा, तेल जमिनीतून येतं. कंपनीच्या परसात काही वेगळी विहीर नाही."

"विहीर एकच असली तरी घागरी वेगळ्या असतात," आत्या म्हणाल्या.

"अक्का, घागर बघून पाणी पिणारा मी नाही." काकांनी खिशातून एक बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "ही चार नंबरची गाडी. ऑटोमॅटिकच. गेली सहा वर्षं बाजारातल्या ड्रमवाल्याचं तेल खातेय. उजेडाला धर. लाल आहे की नाही? वास घे. जळका येतो?"

आत्यांनी बाटली धरली, वास घेतला, आणि ताईच्या पुढे सरकवली. "चांगलं दिसतंय. वकिलीणबाईंचं काय म्हणणं?"

ताईला हे नाव काकांनीच ठेवले होते, ती बारा वर्षांची असताना, औषधाच्या बाटलीतली बारीक अक्षरांची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली म्हणून. तिने वॉरंटीचे पुस्तक उघडले.

"कंपनीचंच तेल हवं असं यात कुठेही नाही," ती म्हणाली.

"बघा!" काका म्हणाले.

"थांबा, काका. कंपनीचं किंवा कंपनीने ठरवलेल्या मानकाची लेखी मान्यता असलेलं, असं आहे. मान्यता मिळालेल्या तेलांची यादी मी मागवली. ड्रमवाल्याचं नाव तीत नाही. त्याच्या ड्रमवर 'या गाड्यांसाठी योग्य' असं छापलंय. योग्य तो स्वतःच म्हणतो. मान्यता दुसऱ्याने द्यायची असते."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. मान्यतेचा नंबर मागितला तर म्हणाला, नंबर वाटेत आहे."

"म्हणजे वरात दारात आणि नवरदेव वाटेत," आत्या म्हणाल्या. काकांनाही हसू आले, पण त्यांनी ते मिशीतच ठेवले.

"तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही," ताई म्हणाली. "चार नंबरच्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपली, तिथे तुमची बाटली हाच पुरावा. इथे मात्र भांडण झालं तर सिद्ध आपल्याला करायचंय, आणि बाटली कोणी वाचणार नाही."

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. काका गप्प झाले होते, आणि काकांचे गप्प होणे हा त्यांच्या परीने होकारच असे. पण धाकट्याला जिंकून थांबता आले नाही. हा गुण घराण्यात आबांपासून होता.

"मग मूळ मुद्द्यालाच येऊ," तो म्हणाला. "तेल कंपनीचं, तर भरणाराही कंपनीचाच हवा. आज ही गाडी त्यांच्या वर्कशॉपला पाठवू. पुढच्या वर्षी दुसरी नवी येईल, तीही. असं करत सगळ्याच. वर्षाचा करार करतात ते. आपला खड्डा बुजवला तर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा होते."

काकांनी आत्यांपुढची बाटली उचलली आणि खिशात ठेवली.

"आणि मी?" त्यांनी विचारले.

"तुम्ही विश्रांती घ्या ना, काका. अडुसष्ट वय झालं. किती वर्षं खड्ड्यात उतरणार?"

"जोवर वर येता येतंय तोवर."

"हे बघा, राग मानू नका. आमच्या पिढीची ही पहिली गाडी आहे. घासातला घास काढून उभी केलीय. आणि खरं बोलायचं तर..." धाकट्याने आत्यांकडे पाहिले. "ज्या हाताने एकदा बिनतेलाची गाडी रस्त्यावर सोडली, त्या हातात वॉरंटीची गाडी द्यायची कशी?"

हे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते. तो नऊ वर्षांचा असल्यापासून ते घरात वापरात होते. कोणी चहात साखर विसरले की 'काकांचा गिअरबॉक्स केला' म्हणत. पोरासोरांनाही त्यावर हसता येई. काकासुद्धा हसत.

ताई कधी हसली नव्हती, आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

झाले होते ते असे. वर्कशॉपचा तेव्हा एक नियम होता, आबांनी घातलेला. गिअरबॉक्सचे तेल काढायला बूच सोडले की त्या गाडीची चावी बूच सोडणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची. नवे तेल भरल्यावर, त्याच माणसाने, ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. चावी खिळ्यावर दिसली म्हणजे गाडी तयार, पुढे विचारायचे नाही. एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी काकांनी आबांच्या ट्रकचे तेल काढले, बूच बसवले, हात धुवायला जाताना अंगरखा काढून बाकावर टाकला. चावी खिशातून निसटून जमिनीवर पडली. एकोणीस वर्षांची ताई तिथून जात होती. तिला पसारा खपत नसे. तिने चावी उचलली आणि जागच्या जागी, खिळ्यावर, नीट अडकवली.

काका नळावरून परतायच्या आत आबा आले, चावी घेतली आणि निघाले. भरल्या गाडीने चढणीवर प्राण सोडला. गिअरबॉक्स कापून काढावा लागला. माल वेळेवर गेला नाही, आणि ज्या गिऱ्हाइकावर आबांचे अर्धे काम उभे होते ते गिऱ्हाईक तुटले. त्या संध्याकाळी आबांनी सगळ्यांना आवारात उभे करून विचारले, चावी कोणी लावली? ताईने तोंड उघडले होते. काकांनी तिच्याकडे पाहिले, काय झाले ते ओळखले आणि तिच्याआधी म्हणाले, "मी."

आबांनी शिवी दिली नाही. ते फक्त म्हणाले, "आजपासून तू स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस." काका तेव्हा सदतीस वर्षांचे होते आणि घराण्यातले सर्वांत चांगले ड्रायव्हर होते. आबा हयात असेपर्यंत तो शब्द कोणी मोडला नाही. आबा गेल्यावर तो कोणी मोडायला हवा हे कोणाच्या ध्यानात आले नाही. धंद्याची वाटणी झाली तेव्हा कारभार एकट्या दादांकडे गेला, कारण ज्याच्या हातून चावी चुकते त्याच्या हातात कारभार कसा द्यायचा? दादांकडून तो ताईकडे आला. ती ज्या खुर्चीवर बसली होती तिचा एक पाय त्या खिळ्यावर टेकला होता, आणि हे दोनच माणसांना ठाऊक होते.

"म्हणणं कठोर आहे, पण गैर नाही," आत्या म्हणत होत्या. "अरे, तुझ्या हाताला यश आहे, मी नाकारत नाही. पण तेव्हा जे झालं ते झालं. नवी गाडी आहे. पोरांना निर्धास्त झोपू दे. खड्ड्याचं पुढे बघू, पण ही गाडी कंपनीच्याच वर्कशॉपला..."

"सेहेचाळीसावं पान," ताई म्हणाली.

आत्यांचे वाक्य तोडण्याची रीत घरात नव्हती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

"काम कुठल्याही जाणत्या वर्कशॉपमध्ये केलेलं चालतं. तारीख, किलोमीटर, कॅनवरचा नंबर आणि करणाऱ्याची सही एवढी नोंद ठेवायची. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी आत्तापर्यंत बोलले नाही, कारण गाडी तिकडे पाठवली की माझं काम कमी होतं."

"ताई, तू कोणाच्या बाजूने आहेस?" धाकटा म्हणाला.

"तेलाच्या बाबतीत तुझ्या. पुढचं ऐक." तिने पुस्तक मिटले. "आत्या, ती चावी मी लावली होती."

"कुठली चावी?"

"आबांच्या ट्रकची. काकांच्या खिशातून पडली होती. मी उचलून खिळ्याला लावली. काकांनी लावली नव्हती. ते तेव्हा नळावर हात धूत होते."



पहिले बोलले काका, आणि ते रागावले होते. "तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? एकतीस वर्षं मी ती गोष्ट सांभाळली. या घरात माझ्या मालकीचं म्हणावं असं ते एवढंच होतं!"

"माहीत आहे, काका."

"मग?"

"आज त्याच गोष्टीच्या जोरावर तुमचा खड्डा बुजवायला निघालेत. मी गप्प बसले तर तो मीच बुजवला."

आत्यांनी भावाकडे मान वळवली. "खरं आहे हे?"

काका खिशातली बाटली चाचपू लागले.

"मी काय विचारतेय? खरं आहे?"

"एकोणीसची पोर होती, अक्का," काका शेवटी म्हणाले. "पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर जायची होती. आबांनी तिचं जाणंच बंद केलं असतं. चावी माझ्या खिशातून पडली म्हणजे चूक माझीही होतीच. मला वाटलं, आठवडाभर शिव्या खाईन नि सुटेन. आठवडा जरा लांबला."

"दादाला सांगितलं होतंस?"

"त्याला सांगितलं असतं तर त्याने आबांना सांगितलं असतं. त्याच्या पोटात कधी काही राहिलंय?"

धाकटा कॅनच्या झाकणाकडे बघत होता. "काका," तो म्हणाला, "मी मघाशी जे..."

"तू नऊ वर्षांचा होतास. तुला जे शिकवलं ते तू बोललास."

"शिकवलं मीच," आत्या म्हणाल्या. क्षमा मागण्याची त्यांना सवय नव्हती, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी नवी सवय लावून घेण्याचा त्यांचा विचार दिसला नाही. त्या उठल्या. बसायची उशी त्यांनी उलटी केली, खुर्चीवर परत ठेवली. "बस इथे."

"डाग पडेल, अक्का."

"पडू दे. बस म्हणते ना."

काका बसले, अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावे तसे.

"आता ऐका," आत्या उभ्यानेच म्हणाल्या. "आबा नाहीत. त्यांच्या मागे या घरात सर्वांत मोठी मी. त्यांनी याच्याविषयी जो शब्द दिला होता तो खोट्या माहितीवर दिला होता. तो मी परत घेते. खड्डा राहील. गाडीत कुठलं तेल जाईल, कोण भरेल, हे हा सांगेल आणि तुम्ही दोघं ऐकाल. सांग रे."

धाकट्याचा चेहरा उतरला. नवा ट्रक त्याने घासातला घास काढून उभा केला होता, आणि समोर ड्रमच्या तेलाचा पुरस्कर्ता बसला होता. ताईच्याही मनात ते आलेच. शब्द परत घेणे सोपे असते. त्याची किंमत पुढच्या वाक्यात कळते.

काकांनी एक कॅन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाचली. सगळी.

"वॉरंटी आहे तोवर कंपनीचं," ते म्हणाले. "यादीत नाव नाही म्हणजे नाही. ही म्हणते ते खरंय, माझी बाटली कोणी वाचणार नाही. वॉरंटी संपली की मग मी आहे नि माझा ड्रम आहे."

"मग सकाळपासून भांडत कशासाठी होतात?" धाकट्याने न राहवून विचारले.

"तू तेलाविषयी कधी बोलत होतास रे? तू माझ्याविषयी बोलत होतास. मीही तेच केलं."

जेवणे आटोपून दुपारी काम सुरू झाले. इंजिन चालवून तेल कोमट केले. काका खड्ड्यात उतरले. धाकटा वरून हत्यारे देत होता आणि एकदाही चुकीचा पाना त्याने दिला नाही. जुने तेल काढले, गाळणी बदलली, बूच ठरल्या ताणाने आवळले. जुन्या तेलाची बाटली फळीवर गेली. प्रत्येक कॅनचे सील ताईसमोर फुटले आणि त्याचा नंबर तिने लिहून घेतला. ठरलेले तेल आत गेल्यावर काकांनी इंजिन चालू करायला लावले, गिअर एकेक करून फिरवायला लावले, उष्णतामापक लावून पातळी बघितली.

"अजून पक्की नाही," ते वर येत म्हणाले. "रस्त्यावर थोडी फिरवून आणायला हवी. सगळे गिअर लागले पाहिजेत. मग पुन्हा बघू."

धाकटा सवयीने दाराच्या पायरीवर चढला.

"तू उतर," ताई म्हणाली. "काका नेतील."

काका हात पुसत होते. ते थांबले. "मी?"

"आत्यांनी सकाळी काय सांगितलं?"

"ते खड्ड्याचं होतं."

"ते सगळ्याचं होतं," वरच्या खिडकीतून आत्या म्हणाल्या. त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या ते कोणी पाहिले नव्हते.

धाकटा खाली उतरला. मग ताईच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "ते सगळं ठीक, ताई. पण एकतीस वर्षं झाली. अवजड वाहनाचं लायसन तरी आहे का त्यांच्याकडे? वॉरंटीचं सोड, इथे विमाही जाईल."

"आहे. चालू आहे."

"कसं शक्य आहे?"

"मुदत संपत आली की दर वेळी वैद्यकीय तपासणी करून कागद माझ्या टेबलावर आणून ठेवतात. अर्ज मीच भरते." तिने खड्ड्याकडे पाहिले. "कशासाठी, हे मी एकदाही विचारलं नाही."

काकांनी बूट झटकले, सीटवर जुना टॉवेल अंथरला आणि चढले. आरसे तिन्ही बाजूंचे जुळवले. पट्टा लावला. दोन्ही हात चाकावर ठेवले. मग ट्रक खड्ड्यावरून मागे आला, एका दमात, कडेला न घासता वळला आणि फाटकातून बाहेर पडला.

तपासणीला वीस किलोमीटर पुरेसे होते. ऊन कलल्यावर ट्रक परत आला तेव्हा आकडा एकशे चाळीसने वाढला होता. त्याबद्दल कोणी काही विचारले नाही. काकांनी पातळी पुन्हा मोजली. ती रेघेवर होती. ताईने वॉरंटीची नोंद पूर्ण केली. तेल, नंबर, किलोमीटर. 'काम करणारा' आणि 'गाडी चालवणारा' असे दोन रकाने होते. तिने दोन्हींत काकांचे नाव घातले आणि सहीसाठी पेन त्यांच्यापुढे केले. त्यांनी दोन ठिकाणी सही केली, दुसऱ्या ठिकाणी जरा सावकाश.